वलांडीखाली वाचलेला अर्ज

अर्जाचं नववं पान मी वाचलं नाही. लिहिलं मीच होतं, टाइप मीच करून घेतलं होतं. पण वर्सोव्याच्या बायकांपुढे वाचायची वेळ आली तेव्हा मी ते उलटलं आणि पुढे गेलो. एवढीच गोष्ट. ती सांगायला मला पन्नाशी गाठावी लागली.

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी पार्ल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो, राहायला बोरीवलीला. केंद्र सरकारच्या एका खात्यानं योजना काढली होती. किनाऱ्यावरच्या संस्थांनी आपल्या कामात विज्ञानाचा उपयोग करून दाखवायचा, त्यासाठी अनुदान मिळणार. नोटीस स्टाफरूमच्या फळ्यावर लागली. मी ती शेवटपर्यंत वाचली, कारण शेवटी ‘प्रकल्पप्रमुख’ असा शब्द होता. तोवर मला कुणी कशाचाच प्रमुख केलं नव्हतं.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक मावशी सुकी मासळी विकायला यायच्या. वर्सोव्याला मासळी सुकवणाऱ्या बायकांचं मंडळ होतं, त्याच्या त्या अध्यक्ष. साठीच्या आतबाहेर, मोठ्या हाडाच्या, सगळ्या जगाला ‘तू’ म्हणणाऱ्या. मी योजनेचं सांगितल्यावर म्हणाल्या, “ये बघायला. बघितल्याबिगर लिवू नको.”

गेलो. खाडीकडेला त्यांची मोकळी जागा होती. बांबू रोवून आडव्या दोऱ्या ताणायच्या, बोंबलांच्या जोड्या एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून त्यांवर टाकायच्या. याला वलांडी म्हणतात. वाऱ्यावर ते बोंबील हलत होते. मावशींनी एक काढला आणि माझ्या कानाशी मोडला. कट्.

“आवाज आला म्हणजे झाला. नाय आला तर आणखी एक दिस.”

मी वहीत लिहून घेतलं.

मग मी लाकडाची एक पेटी करून घेतली. वर काच, आत काळा रंग दिलेला पत्रा. ती कॉलेजच्या गच्चीवर ठेवून तिच्यात बोंबील सुकवले. पेटीतले आणि वलांडीवरचे, दोन्ही प्रयोगशाळेत वजन करून, भट्टीत तापवून, त्यांत पाणी किती उरलंय ते मोजलं. दारातून एक सहकारी ओरडला, “अरे यार, कोण मेलंय आत?” दुसरा म्हणाला, “मेलं नाही रे, सरांचं संशोधन शिजतंय.”

दोन्ही बोंबील सारखेच कोरडे निघाले. पेटीत वेळ थोडा कमी लागे, एवढंच. मावशींचा कान आणि माझी भट्टी यांचं उत्तर एकच येत होतं. आज वाटतं, हेच लिहून पाठवायला हवं होतं. विज्ञान म्हणजे दुसरं काय असतं?

मुलुंडच्या कॉलेजातला माझा एक मित्र आधी असं अनुदान मिळवून बसलेला. त्याला आकडे दाखवले. तो म्हणाला, “वाट लागली तुझी. दोन्ही सारखंच सुकतं, मग पेटी कशाला, असं विचारतील ना! गरज दाखव रे. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.”

त्या जागेच्या टोकाला, गटाराच्या कडेला, कुजकी बारीक मासळी जमिनीवर पसरलेली असे. ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी जायची. माणसांच्या खाण्यातली नव्हतीच. ढगाळ दिवस बघून मी तिथला नमुना उचलला. अर्जात ‘सध्याची पद्धत’ असा रकाना होता, त्यात त्या ढिगाचे आकडे घातले. शेजारी पेटीतल्या बोंबलांचे. आणि नवव्या पानावर लिहिलं, की येथील महिला मासळी गटारालगत, उघड्या जमिनीवर वाळवतात, त्यांना स्वच्छतेचं शास्त्रीय ज्ञान नाही आणि ही जागा सार्वजनिक आरोग्यास घातक आहे. इंग्रजीत ते फार चांगलं दिसत होतं.

अर्ज मंडळाच्या नावानं जाणार, म्हणून बायकांचे अंगठे हवे होते; आणि मंडळाची एक रीत होती. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, मग कागद कुणाचाही असो. वीसेक बायका वलांडीखाली बसल्या. मी एकेक पान मराठीत सांगत गेलो. एकीनं विचारलं, “मास्तर, इंग्रजीत आमच्या म्हावऱ्याला वास येतो काय रं?” सगळ्या हसल्या. मीही हसलो. आठवं पान संपलं. नववं उलटताना मी म्हटलं, “यात नुसते आकडे आहेत.”

“आकडं नको वाचू,” मावशी म्हणाल्या. “झोप येते.”

मग अंगठे झाले. पहिला मावशींचा. हात आधी पदराला नीट पुसून त्यांनी तो उमटवला.

जागा ज्या सरकारी कचेरीच्या ताब्यात होती, तिचं ना-हरकत पत्र अर्जाला जोडायचं होतं. त्यासाठी अर्जाची प्रत तिथे दिली. पुढचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या कचेरीतही इंग्रजी वाचणारी माणसं होती.

महिन्याभरानं एक अधिकारी फीत घेऊन जागा मोजायला आला. मावशींनी मला बोलावणं धाडलं. बायकांनी त्याला घेरलं होतं. तो तरुण, शांत माणूस होता. त्यानं प्रत उघडली आणि नववं पान मराठीत वाचून दाखवलं. सावकाश, एकही शब्द न गाळता.

“कोण बोलला गटार? तुझ्या नाकात गटार!” एक बाई अंगावर धावून गेली.

“बाई, मी नाही म्हणत. तुमच्याच मंडळानं लिहून दिलंय. हे बघा, अंगठे.”

मावशींनी अंगठे बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मोठ्यानं विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “मास्तर, हे पान त्या दिवशी चिकटलं व्हतं काय?”

मी म्हटलं, “हो मावशी. चिकटलं असेल.”

“व्हय. खारा वारा हाय. चिकटतं,” त्या म्हणाल्या, आणि बायकांना गप्प केलं.

त्या वेळी मला काय वाटलं, हे बरेचदा आठवून पाहिलं. काही वाटलं नाही. पायात वाळू गेली होती, ती मी झटकत होतो.

निघताना अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. “सर, इथं तर मासळी दोऱ्यांवर आहे. नमुना चुकीचा होता, एवढं पंधरा दिवसांत लिहून द्या. मला फेरविचार करता येईल. नाहीतर जागा बंद करावी लागेल.”

एका वाक्याचं काम होतं. नमुना कोंबड्यांच्या खाद्याचा होता. पण अर्जावर प्राचार्यांची सही होती. पदोन्नतीच्या यादीत माझं नाव होतं. चौदाव्या दिवशी मी लिहून दिलं, ‘काही नोंदींबाबत गैरसमज होण्याचा संभव आहे.’ त्यानं ते दोनदा वाचलं. “यात आहे काय, सर?” मी म्हटलं, “पाहा ना, काही करता आलं तर.” त्यानं कागद फाइलला लावला.

जागेला कुंपण पडलं. बांबू उपटून एका बाजूला रचून ठेवले होते, ते मी बसच्या खिडकीतून बघितले. उतरलो नाही.

अनुदान मंजूर झालं. मोठी पेटी आली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून तीही कॉलेजच्या गच्चीवर गेली. आम्ही तिच्यात टोमॅटो सुकवले. पाहुणे आले की मी त्यांना वर नेत असे. पाटीवर माझं नाव होतं, खाली ‘प्रकल्पप्रमुख’. मावशी गल्लीत यायच्या थांबल्या, हे मला माहीत होतं. का, ते कुणी विचारलं नाही.

परवाच्या दिवाळीनंतर मी वर्सोव्याला गेलो. मढच्या तरीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर, ऐंशीला टेकलेल्या मावशी मासळीची पाटी घेऊन बसल्या होत्या. आता गुजरातेतून ट्रकनं सुकी मासळी येते, ती घेऊन विकतात. सुकवायला जागा नाही. मी शेजारी उकिडवा बसलो, पिशवीतून नववं पान काढलं आणि मराठीत वाचलं. मग तो ढीग कुठला होता ते सांगितलं. पंधरा दिवसांचंही सांगितलं.

“कोंबड्यांचं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी पाटीवरच्या माश्या वारल्या. “पान चिकटलं नव्हतं, ते ठावं व्हतं मला,” म्हणाल्या. “म्हटलं, चार लोकांत नको. मागनं येऊन सांगेल. जागा जायच्या आत सांगेल.”

काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, “पाव किलो बोंबील द्या.”

त्यांनी तराजू उचलला. मग खाली ठेवला. पाटीतला एक बोंबील घेऊन माझ्या कानाशी मोडायला गेल्या. तो नुसता वाकला.

“हे नको नेऊ,” म्हणाल्या. “ओलं हाय.”