ग्रहणात चिरलेली मेथी

माझी भाची दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळून बघत नव्हती. बहीण मढला दिलेली. पोटुशी असताना तिनं ग्रहणात मेथी चिरली, म्हणून पोर बहिरी निपजली, असं सासू एकदाच बोलली. बहिणीनं ते जे मनाला लावून घेतलं, की घास गोड लागेना तिला.

पोरीच्या रक्तातल्या जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट आला, पण डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनी. एवढा धीर कुणाला? मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणजे घरातली शहाणी मीच! जनुकांमधले बदल दाखवणारी वेबसाइट उघडली, रिपोर्टातल्या बदलाच्या जागेचा आकडा टाकला. त्या जागी आजाराची कसलीच नोंद नव्हती. "काही निघालं नाही गं," मी आनंदानं फोनवर सांगून टाकलं.

पलीकडून हुंदका आला. "म्हंजी मेथीच की गं, ताई."

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आमच्या खोडदच्या घरी चरफडत पुन्हा लॅपटॉप उघडला. वडील, आमचे आप्पा, शेजारी कांदे निवडत होते.

"काय हुडकतीस?"

"नंबर आहे, पण जागा सापडत नाही."

"जुना सर्व्हे नंबर घालून बसलीस का काय? जमिनीचे गट पडले की नंबर बदलत्यात, बाई."

"आप्पा, हा काय सातबारा आहे?" मी खेकसले. तरी रिपोर्टाखालची बारीक टीप वाचली. अगं बाई! आकडा जनुकांच्या जुन्या नकाशावरचा, आणि वेबसाइट दाखवत होती नवा. वर्गात हेच बजावून सांगणारी मी!

जुना नकाशा निवडला. जनुकाची आडवी पट्टी उलगडली, तिच्यावर एकेका बदलाची उभी रेघ. आमची रेघ लाल होती. बहिरेपणाचं ठाऊक असलेलं कारण. रिपोर्टाप्रमाणे बदल दोन्ही प्रतींत होता, म्हणजे एक आईकडून आलेला, एक बापाकडून. ती लाल रेघ बघून मला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

या खेपेला फोन केला नाही. डॉक्टरांनी तेच सांगितलं तेव्हा मी सोबत होते.

"म्हंजी मेथीनं न्हाई?" बहिणीनं मलाच विचारलं.

"नाही गं. तुम्हा दोघांकडून निम्मं निम्मं आलंय."

तिचा नवरा पोरीला तिच्या मांडीवरून उचलून घेत म्हणाला, "निम्मं माझं व्हतं, आन् इतके दिवस तू एकटीच रडत व्हतीस."