टीव्हीवरची भावजय

त्या घरात खोल्या दोन आणि माणसं तीन. आईवडील गेल्यावर बहिणीने भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय कधी निघालाच नाही. सगळी चाळ तिला थोरली म्हणायची आणि त्याला धाकटा. थोरली इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. हात राकट, जीभ त्याहून तिखट. घरात तिचा शब्द चाले, आणि तो चालतो हे तिला इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही विशेष आहे असं तिला वाटत नसे.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची बायको बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. थोरलीला भावजय नकोशी होती असं नाही, पण तिच्यात कौतुक करण्यासारखं काही असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कमी बोलणारी मुलगी. नवराबायकोची खोली आतली, थोरलीचा पलंग बाहेरच्या खोलीत दाराशी. बाहेर जायचं तर त्या पलंगाला वळसा घालूनच जावं लागे. भावजय आवाज न करता वळसा घाली आणि आवाज न करता कडी लावी.

संध्याकाळी टीव्हीवर प्रश्नोत्तरांचा एक कार्यक्रम लागायचा. एकदा निवेदकाने विचारलं, कुठल्या ग्रहावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो? पर्याय पडद्यावर यायच्या आधी, आतून भांड्यांच्या खडखडाटातून उत्तर आलं, "शुक्र." पुढच्या प्रश्नालाही तसंच. त्याच्या पुढच्यालाही.

"हा भाग आधी लागून गेलाय का गं?" थोरलीने विचारलं.

"नाही ताई."

"मग तुला कसं ठाऊक?"

"वाचलं होतं कुठेतरी."

थोरलीचा विश्वास बसेना. काहीतरी निमित्त काढून ती एक दिवस स्टँडवर गेली आणि खांबाआड उभी राहिली. खिडकीत माणसं एकमेकांच्या अंगावरून हात घालून एकदम ओरडत होती. भावजयीने आधी त्याला उत्तर दिलं ज्याची गाडी सुटायला आली होती, मग कडेवर मूल असलेल्या बाईला, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला सगळ्यात शेवटी. समोर कागद नाही, काही नाही. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठे बदलायची, चुकली तर पुढची कुठली, सगळं तोंडपाठ. थोरली घरी आली ती हरखूनच.

त्यानंतर तिला भावजयीचं वेडच लागलं. रद्दीतली मासिकं आणून ती तिला प्रश्न विचारायची आणि उत्तर बरोबर आलं की अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं "बघा" म्हणायची. धुलाईखान्यात दुसरा विषय नाही. कार्यक्रमाच्या नंबरावर फोन लावायला तिनेच भावजयीच्या मागे तगादा लावला. निवड झाली तेव्हा धाकट्याला रजा मिळेना. थोरली म्हणाली, "मी येते सोबत."

"नको ताई, मी एकटीच जाते," भावजय म्हणाली. थोरलीला वाटलं, पोरगी धीट झाली.

परत आल्यावर भावजय काही सांगेना. कार्यक्रम दिसेपर्यंत बोलायचं नाही, असं तिथे कबूल करून घेतलं होतं.

"कुठपर्यंत गेलीस, तेवढं तरी?"

"टीव्हीवरच बघा, ताई."

थोरलीने नाना युक्त्या केल्या. भावजयीच्या चेहऱ्यावरून, भाजीच्या पिशवीवरून अंदाज बांधले. भावजय नुसती हसायची. तिचं डोकं दुखायचं मधूनमधून. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणायची. एका सकाळी खिडकीत कुणालातरी फलाट सांगता सांगता तिची मान खाली गेली. लोकांना वाटलं, काही शोधतेय. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिला थोरलीच्याच इस्पितळात आणलं. थोरली इस्त्री टाकून वरच्या मजल्यावर धावली तेव्हा पलंगावरची चादर धुलाईखान्यातलीच होती, आणि भावजय गेली होती.

कार्यक्रमवाल्यांचा फोन काही आठवड्यांनी आला. भाग दाखवायचा आहे, घरच्यांची परवानगी हवी.

"नाही म्हणून सांगतो," धाकटा म्हणाला. "मला नाही बघवणार."

"मला बघायचंय."

"तुला बघायचंय म्हणून?"

"ती मला म्हणाली होती, टीव्हीवरच बघा."

धाकट्याने हो म्हटलं. बहिणीला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

त्या संध्याकाळी दोघंच बसली. शेजारणींना थोरलीने दारातूनच परत पाठवलं. पडद्यावर भावजय आली, फिकट निळ्या कपड्यांत, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेली. पहिले प्रश्न तिने असे उडवले की निवेदकाला पाणी प्यायला फुरसत मिळाली नाही. थोरलीचा ऊर भरून आला होता. भाऊ बाजूला बसलाय, तो रडतोय, हेही ती विसरली.

मग निवेदकाने विचारलं, "जिंकलात तर काय करणार?"

भावजय थांबलीच नाही. "वेगळं घर घेणार. लहान चालेल. पण आमच्या दोघांचं. दार उघडलं की आपल्याच खोलीत पाऊल पडावं, असं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?" थोरलीने विचारलं.

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"ताईंना मी सांगेन म्हणाली. तुझा जीव तिच्यात इतका गुंतला होता, तिची जीभ रेटेना."

थोरलीला वाटलं उठून टीव्ही बंद करावा. पण पुढचा प्रश्न आला होता. किनारा नसलेला समुद्र कुठला? हे उत्तर भावजयीला येत नव्हतं, ते तिच्या कपाळावरून कळत होतं. तिने एकेक पर्याय हातात घेतल्यासारखा तपासला. याला बंदर आहे. याच्या काठी शहर आहे. हा तर चारी बाजूंनी जमिनीत. "मग उरला सारगॅसो," ती म्हणाली. उत्तर बरोबर निघालं, आणि थोरलीच्या तोंडून निघूनच गेलं, "शाब्बास."

शेवटपर्यंत भावजय हरली नाही. शेवटी पडद्यावर तिचा काळ्या चौकटीतला फोटो आला. दुसऱ्या दिवशी लोक आले ते कुठला चेहरा करून यावं हे न कळता आले. कुणी अभिनंदन म्हणून जीभ चावली, कुणी रडता रडता बक्षिसाची चौकशी केली.

थोडे दिवस गेल्यावर थोरली भावाला म्हणाली, "तू घर बघ."

"एकट्याने कशाला वेगळं राहू?"

"तिला हवं होतं ना. जा."

तो गेला. बक्षिसाच्या पैशांत लहानशीच जागा घेतली, दार उघडलं की खोली. सुरुवातीला रविवारी यायचा. मग दुसऱ्या गावी लिफ्टचं काम मिळालं आणि येणं फोनवर आलं. थोरली आता आतल्या खोलीत झोपू शकली असती, पण पलंग तिने हलवला नाही.

तो भाग टीव्हीवर पुन्हा कधीमधी लागतो. धुलाईखान्यात नवी लागलेली एक बाई एकदा म्हणाली, "काल एक बाई बघितली. काय हुशार! एक उत्तर चुकलं नाही. तुम्ही बघितलंत का हो?"

"माझी भावजय ती," थोरली म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. शुक्राचं, चौकशीच्या खिडकीचं, त्या सकाळचं. काही गाळलं नाही.

"आणि तिला माझ्यापासून वेगळं राहायचं होतं," ती म्हणाली. "ते बघितलंस का?"

थोरलीने पुढची चादर ओढून घेतली आणि नव्या बाईच्या हातात एक टोक दिलं.

"धर नीट," ती म्हणाली.