नव्वदच्या पुढे थरथरणारं स्टिअरिंग

नितीन गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो, "गाडी कुठे होती?" फोनवर आमच्या प्लँटचा शिफ्ट मॅनेजर होता, तो क्षणभर गोंधळला. गाडी पार्किंगमध्ये उभी होती. नितीन कँटीनमध्ये चहाचा कप घेऊन टेबलाकडे येता येता कोसळला आणि अँब्युलन्स पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं नंतर समजलं. त्याच्या बायकोला, ऋचाला, कळवायचं काम माझ्याकडे आलं. ती कासलबारच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, असल्या बातम्या दुसऱ्यांना सांगण्याची तिला सवय. मी "ऋचा, नितीन..." एवढंच म्हणालो आणि तिने विचारलं, "जीप ना?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग काय?" त्या दोन शब्दांनी गेले काही आठवडे मला स्वस्थ बसू दिलेलं नाही.

आम्ही पुण्याचे, एकाच कॉलेजातले, आणि पुढे आयर्लंडला, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या एकाच औषधांच्या कारखान्यात आलो. नितीनला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. फोन आला की फेऱ्या मारत बोलायचा. आमच्याकडे यायचा तेव्हा चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटाचं, इथल्या भाषेत प्रेसचं, बिजागर घट्ट करून ठेवायचा. त्यात ऋचाला नोकरी मिळाली ती पार मेयोमध्ये, गाडीने चार तासांवर. ती आणि लेक इरा कासलबारला, हा कॉर्कला. शुक्रवारी दुपारी प्लँटमधून निघायचा तो रविवारी रात्री परतायचा. त्यांचं भाड्याचं घर गावाबाहेर, दलदलीच्या कडेला, खड्ड्याखड्ड्यांच्या अरुंद रस्त्यावर. त्या रस्त्यासाठी म्हणून त्याने एक जुनी जीप घेतली आणि मूळची चाकं काढून तिला मोठी चाकं आणि जाड टायर बसवले. जीप दिसायला झकास झाली. पण नव्वदच्या पुढे गेली की स्टिअरिंग त्याच्या हातात थरथरायला लागायचं.

ऋचा एकदाच त्या गाडीत बसली. घरी आल्यावर शांतपणे म्हणाली, "इरा या गाडीत बसणार नाही. तूही बसू नयेस असं मला वाटतं, पण तू ऐकणार नाहीस." नितीनला ते लागलं. लेकीला अटलांटिकच्या किनाऱ्यावर फिरवायचं, म्हणून तर त्याने हा सगळा खटाटोप केला होता. त्याने गॅरेज गाठलं. चारही चाकांचं बॅलन्सिंग झालं, थरथर थोडी कमी झाली, गेली मात्र नाही. आम्ही दोघं पुन्हा गेलो तर गॅरेजवाला म्हणाला, "चाकं ग्रँड आहेत, काही दोष नाही. एवढे मोठे टायर म्हटल्यावर थोडं हलणारच. होईल सवय." बाहेर पडल्यावर नितीन पावसात तसाच उभा राहिला. "अज्या, सवय कसली करायची? काहीतरी चुकतंय म्हणून ती हलतेय ना?"

मग आमचे संध्याकाळचे वेळ त्या जीपमध्ये जायला लागले. प्लँटमध्ये बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. तोच नियम त्याने इथे लावला. आधी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. थरथर जागची हलली नाही, म्हणजे दोष एखाद्याच चाकाचा नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं की नव्या चाकाच्या मधलं भोक, ते ज्यावर चढतं त्या हबपेक्षा किंचित मोठं आहे, त्यामुळे चाक बरोबर मध्यावर बसतच नाही. त्या फटीत बसणाऱ्या कड्या मागवल्या आणि चाक हवेत उचलून नट समोरासमोर, थोडे थोडे आवळले. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग एकदम शांत झालं. मी म्हटलं, सुटलो. पुढच्या खड्ड्यावरून गाडी गेली मात्र, थरथर पुन्हा सुरू झाली आणि वेग बराच कमी केल्यावरच थांबली. तो तसाच आमच्या घरी आला, पण जेवताना दोनदा उठून खिडकीतून जीपकडे बघून आला.

त्या शनिवारी तो कासलबारला गेलाच नाही. आमच्या दारात जॅक लावून त्याने पुढचं चाक उचललं आणि दोन्ही बाजूंनी धरून हलवून पाहिलं. काही नाही. मग वरून आणि खालून धरून हलवलं, तर आतून बारीक 'टक्' असा आवाज आला. त्याने माझा हात ओढून चाकामागच्या सांध्यावर ठेवला. खालचा बॉल जॉइंट झिजून पुरता ढिला झाला होता. मूळची हलकी चाकं होती तोवर तो दोष दबून राहिला, नव्या जड चाकांनी तो वर आणला. तसाच राहिला असता तर एखाद्या शुक्रवारी भर वेगात चाक कलंडलं असतं. नितीन ओल्या जमिनीवरच बसला आणि ऋचाला फोन लावला. "तुझं बरोबर होतं," म्हणाला. फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "मला बरोबर ठरायचं नव्हतं रे. मला तू घरी यायला हवा होतास."

नवा जॉइंट बसला, अलाइनमेंट झाली, आणि इरा त्या गाडीत बसली. जेमतेम काही शनिवार-रविवार त्यांना मिळाले...

तो गेल्यावर मी वेड्यासारखा शोधत राहिलो. त्याचं डोकं दुखायचं का, शेवटच्या आठवड्यात चेहरा ओढलेला होता का, कँटीनमध्ये त्याच्या शेजारी कोण होतं. ऋचाला फोन करकरून विचारायचो. एकदा तिने मला थांबवलं. "अजित, तू त्याला जीपसारखं तपासतोयस. मी डॉक्टर आहे, मीही रोज तेच करते. सापडण्यासारखं काही नव्हतं." तिचं मला पटलं. तरी चैन पडलं नाही.

गेल्या रविवारी मी जीप कासलबारला पोचवली. ऋचा विकून टाकेल असं मला वाटलं होतं, पण तिने ती मागवून घेतली. वाटेत मी मुद्दाम नव्वदच्या पुढे गेलो, खड्डेही चुकवले नाहीत. स्टिअरिंग हातात निवांत होतं आणि तेवढ्यानेच मला भरून आलं. दारात इरा उभी होती. मी म्हटलं, "इरा, बाबाची गाडी आणली." ती म्हणाली, "आय नो. आय हर्ड इट कमिंग." ती सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली.

ऋचाने माझ्याकडून किल्ली घेतली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. नितीन चांगला सहा फुटी होता, सीट त्याच्या पायांच्या मापाने पार मागे सरकवलेली होती. ऋचाचा पाय क्लचपर्यंत पोचेना. ती सीटच्या कडेवर आली, तरी पोचेना. मी खाली वाकून खटका दाखवायला गेलो तर म्हणाली, "माहितेय मला कुठे आहे." दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती तशीच बसून राहिली. मग ऋचाने हात खाली नेला, खटका ओढला, आणि सीट खडखडत पुढे आली.