मामाची सुरगाठ

आमच्या मामाचा तोरा काय सांगू! घरसामान हलवण्याचा धंदा, उभा जन्म दोरखंडात गेलेला. वजन टांगायचं तर निरगाठ, ओढाल तशी घट्ट बसते. गाद्यांच्या वळकट्यांना सरफास. एक टोक ओढलं की झटकन सुटते ती सुरगाठ, तिला तर तो गाठच म्हणायचा नाही. त्याच्या हातून आजवर कपबशीसुद्धा पडली नाही, हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा. आमचे कान किटले होते.

घरी मात्र मामी मेटाकुटीला आली होती. पिठाची पिशवी निरगाठ, बोचकं निरगाठ, पोरांच्या बुटांच्या नाड्याही निरगाठ. गाठी सोडवता सोडवता तिचा पुढचा दात हलायला लागला. मग तिने निक्षून सांगितलं, यापुढे घरात सुरगाठ, नाहीतर स्वयंपाक तुम्ही करा. मामा नाक मुरडत सुरगाठी मारू लागला आणि काही वर्षांत हाताला तेच वळण पडलं. हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढे त्यांनी स्वतःचंच घर बदललं. मामीच्या आईचं आरशाचं कपाट जिन्यात मावेना, म्हणून मामाने दोरी बांधून ते तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडायला घेतलं. जोडीला दोन हमाल, आणि खाली सामानाजवळ मी. मामी रस्त्यावर, बरोब्बर कपाटाखाली उभी राहून हुकूम सोडत होती. तिला हटवायची छाती कोणाची? कपाट डोक्यावर आलं नि गरगरायला लागलं. ते थोपवायला तिने दोरीचं लोंबतं टोक धरलं.

वरून मामाला कपाटाच्या माथ्यावरची गाठ दिसली. सुरगाठ. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ओढू नकोस. टोक सोड, बाजूला हो."

लग्न झाल्यापासून मामीने पहिल्यांदाच उलट न बोलता ऐकलं. कपाट अलगद टेकलं, आरशाला ओरखडासुद्धा नाही. मामा खाली आला आणि पायरीवर मटकन बसला. मामीच्या तोंडाचा पट्टा लगेच सुरू झाला. माझ्या आईची एवढी एकच वस्तू, आणि तीही फोडायला निघाला होतात, वगैरे.

"आरसा गेला खड्ड्यात," मामा म्हणाला. "तू खाली होतीस." आणि चक्क रडायला लागला.

मामी गप्प झालेली मी तेवढी एकदाच पाहिली. ती त्याच्याजवळ पायरीवर बसली. कपाट कुठे ठेवायचं, हमाल विचारत राहिले. शेवटी मीच खेकसले, ठेवा रे आहे तिथेच, दिसत नाही का?