वखरलेलं मैदान

"बुटं काढून ये वर."

भाऊसाहेबानं माइकवरच म्हनलं. साऱ्या मांडवानं ऐकलं. माह्या अंगात भारताची निळी जर्सी, पायात बुटं. माह्या आधी त्याचा पुतन्या स्टेजवर गेलता, तालुक्याच्या क्रिकेटचा सत्कार घ्याले. तो बुटं घालूनच गेलता. वर बसलेले पाहुणेबी चपला-बुटातच. मलेच काहून सांगतलं? मी पायरीपाशी उभी राह्यली. मागून कोनीतरी फिसकन हासलं.

मी वाकली. लेस सोडली.

शाल त्यानं लांबूनच अंगावर टाकली. नारळ हातात दिला नाई. टेबलावर ठेवला आन् बोटानं दाखवला, घे. मंग माइकवर म्हनते, "हिचा बाप माह्या वावरात वखर हाकते. पोट्टी त्याच मातीतली. मातीतला मानूस अनवाणीच शोभते." टाळ्या पडल्या. लय पडल्या. माह्या बाबानंबी वाजवल्या. तो मांडवाच्या खांबाले टेकून उभा होता, त्याले कोनी बस म्हनलं नव्हतं.

पहिले मी भाऊसाहेबाले अहोजाहो करत होती. आता नाई करत.

आमचं गाव बोरी अरबच्या पुढं. घर विहाराच्या मागं. बाबा भाऊसाहेबाकडं सालदार, म्हंजे पाडवा ते पाडवा बांधलेला. पाडव्याले मालक ठेवन तं ठेवन, नाई तं चालता हो. मी फुटबॉलमधी अंडर-सेव्हन्टीन इंडिया खेळली. परदेशात खेळली. राष्ट्रगीत वाजलं तवा मले वाटलं, आता मागं पाहाचं काम नाई. काय येडी होती मी बाप्पा! वय भरलं, कॅम्प सुटला. रोज येनारे फोन बंद झाले. देशाची जर्सी घडी करून मायच्या लुगड्याखाली गेली.

सतरा वर्षांच्या आतली पोट्टी साऱ्याईले पाह्यजे. फोटोले बरी दिसते. अठराव्या वर्षी तीच पोट्टी कोनाची? सिनियर इंडिया तं लांबच, आधी राज्याच्या सिनियर संघाची ट्रायल, नागपूरले. जिल्ह्याची संघटना भाऊसाहेबाच्या हातात, म्हून आमच्याकडून तिथं कोनाचं नाव जाते, ते त्याच्याच तोंडातून निंगते. आन् तोंड उघडासाठी त्याची एक अट. पाडव्याच्या आधी त्याच्या वावरात शो मॅच होते. देशासाठी खेळलेल्या पोट्टे-पोट्ट्याईनं त्यात खेळाचं. अनवाणी. पार उमरखेडहून लोक पाहाले येतात. त्याले तो मातीचा मान म्हनते.

माह्या आधी आमच्या गावातून वैशालीताई इंडिया खेळली होती. माह्यापेक्षा चांगली होती, खोटं कायले बोलू. डाव्या पायानं असा बॉल काढे की समोरची पोट्टी जागीच फिरे. तिनंबी शो मॅच खेळली. त्याच मॅचमधी तिचा गुडघा गेला.

ती आता लोहाऱ्याले एका कंपनीत पॅकिंगले हाय. सत्कार झाल्यावर मी तिले भेटाले गेली. दिवसभर उभ्यानं काम. गुडघ्याले पट्टा. सुटी झाल्यावर गेटपाशी चहा पेलो. मी इचारलं, "ताई, कसा गेला वं गुडघा?"

"माह्यीच चूक. पाय वाकडा टाकला मी. सारे तेच म्हनले. भाऊसाहेबानं तं दवाखान्यात सफरचंदं आनली होती."

ती हासली. मले तिच्या हासण्याचाच भेव वाटला. मले वाटलं, मी माह्याच पुढच्या वर्षाशी बोलून राह्यली.

मॅचच्या दिवशी सकाळी मी वावरात गेली. सोयाबीन निंगून गेलेलं, पुढं काहीच पेरलं नव्हतं. बाबा बैल सोडत होता. वावर नुकतंच वखरलेलं. पाटासारखं सपाट. चुन्याच्या रेघा मारलेल्या, दोन्हीकडं बासाचे गोलपोस्ट.

आमची जमीन काळी. उन्हाळ्याच्या तोंडावर ती अशी फाटते की भेगीत बॅट उभी जाईन. वखर फिरवला की वरची माती भुसभुशीत होऊन भेगीच्या तोंडावर बसते. भेग बुजत नाई. झाकते. हे आमच्या इकडल्या शेंबड्या पोराले माहीत हाय. भाऊसाहेबाले माहीत नसन? तवा मले वैशालीताईचा पाय दिसला. वाकडा नव्हता पडला तो. सरळच पडला होता.

"बाबा, वैशालीताईच्या वक्ती कोनं वखरलं होतं?"

बाबानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"मीच."

"तुमाले माहीत होतं?"

"मालकाले म्हनलो होतो, पोट्ट्याईचे पाय जातीन. तो म्हने, लोकाईले मैदान सपाट दिसलं पाह्यजे." मंग खाली पाहून म्हनला, "कडेकडेनं खेळजो पोरी. मधी जाऊ नोको. पाडवा आला वं."

मले त्याचा राग आला. माह्या बापाचा. आन् राग आला म्हून रडूबी आलं. वखर त्याच्या हातात होता, पन वावर कोनाचं होतं?

दुपार उतरली. गर्दी जमली. भोंग्यावर माह्यं नाव घेतलं. बाकीचे अनवाणी लायनीत. माह्या पायात बुटं.

"काय वं, बुटं काढ," भाऊसाहेब म्हनला.

मी सरळ मैदानाच्या मधी गेली. पाय चाचपत गेली. जिथं माती दबली तिथं बसली आन् दोन्ही हातानं उकरली. भेग उघडी झाली. मी हात घातला. कोपरापर्यंत गेला, तरी बूड लागलं नाई.

मी वरडली, "इथं वैशालीताईचा गुडघा गेला! तिची चूक नव्हती!"

लायनीतल्या पोट्ट्याईनं आपल्या पायाखाली पाह्यलं. एक मागं सरकली. मंग दुसरी.

भाऊसाहेब माह्याकडं आला नाई. बाबाकडं गेला. हळूच म्हनला, "पोट्टीले आवर."

बाबा हालला नाई. आवरलं नाई त्यानं मले.

पाडव्याले साल मोडलं. बाबा आता बोरी अरबच्या बाजारात पोती उचलते. भरदुपारी एक गाडी आमच्या घरासमोर येऊन हळू होते, काच खाली होते, मंग निंगून जाते. माय मले एकटी बाहेर जाऊ देत नाई. विहारातले लोकबी म्हनतात, जपून राहा, तो इसरनारा मानूस नोहे. मलेबी माहीत हाय, तो इसरला नाई.

काल निरोप आला. शाळेतल्या जुन्या सरांच्या तोंडून. सर आमच्या दारात उभे, आत आले नाई. "माफी माग. पुढच्या वर्षी अनवाणी एक मॅच खेळ. तो तुह्यं नाव टाकते म्हने. सिनियर खेळाचं हाय ना तुले?"

हो. खेळाचं हाय. वैशालीताईलेबी खेळाचं होतं.

मी सरांले म्हनलं, "सांगा त्याले, नाई."

नागपूरच्या ट्रायलमधी माह्यं नाव नाई. तरी मी जाऊन राह्यली. वैशालीताई रजा टाकून संग येऊन राह्यली, पट्टा बांधून. गेटवर अडवतीन. अडवू द्या. हाकलतीन, तं उद्या पुन्हा उभी राहीन. आत घेतलं तं खेळन, नाई घेतलं तं काहून नाई घेतलं, हे त्यायच्याच गेटवर मोठ्यानं इचारन. आन् पुढच्या पाडव्याआधी भाऊसाहेब वखर फिरवन, नव्या पोट्ट्या आनन, तवा मी त्याच्या बांधावर हजर. त्यायचा पाय पडाच्या आधी माहा हात भेगीत जाईन.

सकाळची एसटी हाय. बुटं मी घरूनच घालून निंगनार. स्टेजवर एकदा काढली. आता कोनाच्या सांगण्यानं काढत नाई.