आईची साठी आणि आमची सरहद्द

जर्मनीत माझी बहीण बाड हॉम्बुर्गला, आम्ही एर्लांगेनला. पुण्याहून आमच्याकडे आलेल्या आईला लेकीकडे एकटीनं ट्रेननं जायचं होतं. न्यूर्नबर्गला गाडी बदलायची, फ्रँकफुर्टला बहीण घ्यायला येणार. तरी मी सोडेना.

"भाषा येत नाही, चुकलीस तर? शनिवारी मी सोडतो."

आणि दर शनिवारी मला काही ना काही निघायचं.

खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहायच्या, मूळच्या जुन्या पूर्व जर्मनीतल्या. एका रविवारी त्या कॉफीला आल्या. आईनं आपल्या साठीशांतीचे फोटो दाखवायला काढले. माझी मुलगी दुभाषी. औक्षणाचा फोटो बघून आजींनी विचारलं, "साठीनंतर तुमच्याकडेही सोडायचे?"

"कुठं सोडायचे?" आई गोंधळली.

मग उलगडा झाला. तेव्हाच्या पूर्व जर्मनीत कामाच्या वयातल्या माणसाला पश्चिम जर्मनीत जाणं जवळजवळ अशक्यच. आजींची सख्खी बहीण पलीकडे, फ्रँकफुर्टला. तिचं लग्न झालं, मुलं झाली, यांना परवानगी नाही. बाईनं साठी गाठली, पेन्शन लागलं, की मात्र खुशाल जा. परत नाही आली तर सरकारचं तेवढंच पेन्शन वाचलं! पुरुषांना अट पासष्टीची; आजींच्या नवऱ्याची ती व्हायची होती, म्हणून तो घरीच.

"म्हातारपणाची वाट बघणाऱ्या आम्हीच बायका," आजी हसत म्हणाल्या. "साठ झाले आणि एकटी गाडीत बसले."

"ऐक! माझी तर शांतसुद्धा झालीय," आई मला म्हणाली.

"मग आता यांना कोण अडवतंय?" आजींनी विचारलं.

मुलीनं बोट दाखवलं. "डेअर पापा."

दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की अंगात सरहद्दीवरच्या पहारेकऱ्याचा गणवेश आहे की काय म्हणून मी शर्ट चाचपला. मुकाट्यानं तिकीट काढलं.

निघताना बायकोनं आईच्या हातावर दही घातलं. स्टेशनवर आजीही आल्या. गाडी हलल्यावर मी रुमाल शोधत होतो आणि त्या टाळ्या वाजवत होत्या.

संध्याकाळी फोन आला. "पोचले रे. डब्यात सगळ्यांनी माझे लाडू खाल्ले. रविवारी मात्र परत येत नाही, मुक्काम वाढवलाय."

"कुणाला विचारून?"

"मला."

सोमवारी ऑफिसात मी कॉफी मशीनपाशी उभा राहून येईल त्याला सांगत होतो, आमची आई एकटी गेली! आधी कोण अडवत होतं, हे सुदैवानं कुणी विचारलं नाही.