तालमीचा खुराक आणि आमच्या घरची पोर

गावातले आईबाप अजून माझ्याकडे पोरं घेऊन येतात. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत मी वस्ताद होतो. गुडघे गेले तसा आखाडा सुटला, पण पोराला काय खायला घालायचं, किती जोर-बैठका काढायला लावायच्या, हे विचारणारे सुटले नाहीत. मी सांगतो. दूध, तूप, भिजवलेले बदाम, अंडी, मधूनमधून मटण. पुड्यातलं खाणं बंद. लोक मान डोलावतात आणि जाताना म्हणतात, "वस्ताद, तुमच्या नातवासारखं अंग झालं पायजे बगा."

नातीचा विषय निघालाच, तर ती पहिल्यापासून अशक्त, असं एकमेकांना सांगतात. ते खरं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नातू शाळेत असतानाच तालमीत उतरला. नात त्याच्या पाठची. घरात म्हैस एक. घरात पैलवान असला की खुराक त्याचा, हा आमच्याकडचा रिवाज, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सकाळचं धारेचं दूध त्याला, बाकीच्यांना कोरा चहा. अंडी त्याची. मटण शिजलं की कलेजी आणि चांगल्या फोडी त्याच्या ताटात. सून आणि नात शेवटी जेवायला बसायच्या तेव्हा पातेल्यात रस्सा तेवढा राहिलेला असायचा. नात त्यात भाकरी कुस्करून खायची आणि वर चहा प्यायची. मला वाटायचं, पोर किती गुणी, काही म्हणून मागत नाही.

एकदा सुनेनं तिच्यासाठी एक उकडलेलं अंडं झाकून ठेवलेलं मी पाहिलं. रागावलो नाही. हसत म्हणालो, "तिला कशाला गं? तिला काय कुस्त्यांचा फड मारायचाय?" घरातले सगळे हसले. नातही हसली. अंडं नातवाच्या ताटात गेलं. हा विनोद मी पुढं तालमीच्या कट्ट्यावरही सांगितला.

पळायची मात्र ती. भावाला तालमीत दुधाचा तांब्या पोचवायची आणि तशीच शाळेकडं धूम ठोकायची. शर्यतीत पहिली येऊ लागली. बारावी झाल्यावर म्हणाली, पोलीस भरतीची तयारी करते. इस्लामपूरला मैदानावर इतर मुलींबरोबर सराव सुरू केला. मी कौतुकानं बूट घेऊन दिले. ताट तेच राहिलं. तोवर नातवाचा खांदा निखळून त्याची कुस्ती संपली होती, पण त्याचा खुराक कमी करायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तो सुटत चालला होता आणि ही वाळत चालली होती, आणि दोघं एकाच घरात माझ्यासमोर वावरत होती.

गेल्या उन्हाळ्यात ती सरावात चक्कर येऊन पडली. सांगलीला नेलं, मीही बरोबर गेलो. डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचला, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"रक्त फार कमी आहे. आणि हे आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. अंडी, मटण, पालेभाजी, कडधान्यं, काही खाते का ही? की नुसता चहा?" मग कुस्तीत मोडलेल्या माझ्या कानांकडे पाहून म्हणाल्या, "घरात तर पैलवान दिसतात."

मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "घरात समदं असतंय, डॉक्टर. हीच खात न्हाई. लय नखरे हैत तोंडाचे."

नातीनं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरबाई सुनेला बोलल्या. मुलगी खात नाही म्हणून सोडून द्यायचं असतं का, आईनंच लक्ष द्यायला हवं, असं बरंच. सून हूं हूं करत राहिली. मी शेजारच्या खुर्चीत बसून ते सगळं ऐकलं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "तसं का सांगितलंस?"

"मग काय सांगू, आबा? खुराकासाठी लोकं तुमचं नाव घेत्यात. परक्या बाईम्होरं ते कशाला घालवायचं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढं एका संध्याकाळी कट्ट्यावर मी झालं ते सगळं सांगून टाकलं.

"आवं वस्ताद, कायबी काय बोलताय," एक जण म्हणाला. "पोरीची जातच नाजूक. तुमी नका जिवाला लावून घिऊ."

दुसरा म्हणाला, "समद्यास्नी वाटत बसला असता तर पैलवान कसा घडला असता?"

"पैलवान तरी कुठं घडला?" मी म्हणालो.

त्यावर सगळे हसले. मी गंमत केली असं त्यांना वाटलं.

आता गोळ्या चालू आहेत. यंदा मैदानात उतरायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं आहे. मी सकाळी उठून अंडी उकडतो, सोलतो, तिच्यापुढं ठेवतो. ती एक खाते, दुसरं बाजूला सारते. "जात न्हाई ओ आबा. सवयच न्हाई." एकदा मी तालमीतल्या आवाजात दम भरला. तिनं निमूटपणे तोंडात घातलं आणि मोरीकडं पळाली. त्यानंतर मी दम भरलेला नाही. पुढच्या भरतीपर्यंत अंगात ताकद भरेल का, हे डॉक्टरबाईही छातीठोक सांगत नाहीत.

परवा पहाटे तिनं बूट घातले. मी ओसरीवर होतो. जा म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि नको म्हणायला तोंड नव्हतं. ती रस्त्यानं पळत निघाली, वळणाच्या बरंच अलीकडं चालू लागली आणि थोडं पुढं जाऊन कडेच्या दगडावर बसली. माझ्यानं तिथवर जाववत नाही. सूनच हातातलं काम टाकून गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली.

ती पायरीवर बसून बूट काढू लागली. "अजून न्हाई जमत, आबा."

"जमेल," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, ते मला ठाऊक नाही.